विचित्र अक्षरांचा मेल कसा तपासायचा

'विषयात विचित्र चिन्हं दिसली की मेल उडवा' हा सल्ला मानला तर मराठीतले खरे मेलही कचऱ्यात जातील. मेलच्या विषयाची ओळ मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी होती. बाकी लिप्या कोडमध्ये गुंडाळून पाठवायचा नियम १९९२ पासून आहे. तेव्हा कोड दिसला म्हणून कुणी चोर ठरत नाही.

संगणकावर जीमेल उघडा, मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' दाबा. मोबाइल ॲपमध्ये हे नाही. लिंक आणि फाइलला तोवर हात लावायचा नाही.

विषयाच्या ओळीत 'यूटीएफ-८', 'बी' आणि पुढे गिचमीड दिसेल. ती '४केएस'नं सुरू झाली तर आत बहुधा देवनागरी आहे. सायबरशेफमध्ये 'फ्रॉम बेस६४' लावून ती उलगडा. हे साधन मोफत आहे, उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. अनोळखी डिकोडर साइटवर आपला मेल ओतू नका.

मजकूर वाचता आला की लोक इथेच थांबतात, आणि फसतात. रशियन लिपीतलं 'ए' आणि इंग्रजी 'ए' डोळ्यांना एकच दिसतात. पण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो: पहिल्याचा ०४३०, दुसऱ्याचा ००६१. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, सायबरशेफमध्येच 'एस्केप युनिकोड कॅरॅक्टर्स' लावा. साधी इंग्रजी अक्षरं तशीच राहतात, बाकीच्यांचे क्रमांक दिसतात आणि घुसखोर उघडा पडतो. बँकेच्या इंग्रजी नावात ०४३० सापडला की पुढे तपासायचं काही उरत नाही.

अदृश्य अक्षरांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. २००बी ही शून्य रुंदीची जागा. स्पॅम फिल्टरला 'लॉटरी' सापडू नये म्हणून ती शब्दाच्या पोटात घुसवतात. पण २००डी, म्हणजे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह, आपल्याला लागतो! 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' कित्येकदा त्यानंच बनतो. ०९३०, ०९४डी आणि मग २००डी असा क्रम दिसला तर सोडून द्या. इंग्रजी शब्दात दिसला तर सोडू नका. अदृश्य अक्षर म्हणजे स्पॅमच, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी मराठी टाइप केलेलं नसावं.

२०२ई दिसला तर थेट धोका समजा. तो पुढची अक्षरं उलटी दाखवतो, त्यामुळे ईएक्सई म्हणजे प्रोग्रामच्या फाइलचं नाव पीडीएफनं संपल्यासारखं दिसतं.

लिंकचा पत्ता मूळ मजकुरातच वाचा. 'एक्सएन' आणि दोन डॅश असतील तर पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत. २०१७ मध्ये सुरक्षा संशोधक शूदोंग झेंग यांनी सगळी अक्षरं रशियन लिपीतली घेऊन ॲपलचा हुबेहूब पत्ता नोंदवून दाखवला होता. क्रोमनं तो डाव तेव्हाच बंद केला. फायरफॉक्समध्ये 'अबाउट कॉन्फिग'मधली 'शो प्युनिकोड' सेटिंग स्वतः चालू करा, म्हणजे असे पत्ते 'एक्सएन'च्या रूपातच दिसतील. 'एसपीएफ पास, डीकेआयएम पास' म्हणजे मेल त्या डोमेनकडूनच आल्याची तपासणी; ते पाहून निर्धास्त होऊ नका, नकली डोमेनचा मालकही ते रीतसर मिळवतो.

कार्यालयाच्या आयटीवाल्यांना मेल 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करूनच द्या; साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या नोंदी, जात नाहीत. पैसे गेले असतील तर हे सगळं राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.