आप्पेपात्रातले शेंगदाणे: अंगावरून वारं गेल्यावर हाताचा सराव

लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी जाऊन मी फिजिओथेरपी करते. अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या खोलीत शिरलं की आधी तेलाचा वास येतो. मालिशला माझी ना नाही, माणसाला बरं वाटतं. (कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला देणारेही भेटतात, ते मात्र नको.) पण मूळ बिघाड हातात नसतो, डोक्यात असतो. योहान वेप्फर या स्विस डॉक्टरने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तस्राव पाहून १६५८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं.

बिघाड सापडला, पण दुरुस्तीची आशा कुणाला नव्हती. १९०६ चं नोबेल मिळालेल्या रामोन इ काहाल या स्पॅनिश मेंदूशास्त्रज्ञानेही मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग पक्के, न बदलणारे मानले. ‘आता काय सुधारणार?’ हे घरोघरी ऐकू येतं ते त्याच वळणाचं. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी मेंदूला छोटी इजा झालेल्या माकडांच्या चांगल्या हातावर बाही चढवली आणि अधू हाताने छोट्या खळग्यांतून खाऊ काढायला लावला. सराव केलेल्या माकडांच्या मेंदूत हाताचा भाग टिकला; सराव नसलेल्यांत तो आक्रसला होता.

खळगे म्हटल्यावर मला आप्पेपात्रच आठवलं.

मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी उघडत असतील तरच हे करा, तेही डॉक्टरांना विचारून. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाय जमिनीवर, कोपर टेबलावर. आप्पेपात्राखाली ओलं फडकं घाला, नाहीतर ते सरकतं. चांगला हात मांडीवर, वर टॉवेल. फक्त बसलेलं असताना. चालताना तो हात मोकळाच हवा.

सुरुवात लिंबांनी करा. ती जमली की सुपाऱ्या, मग शेंगदाणे. अधू हाताने खळग्यातून उचलून वाटीत सोडायचं. पकडण्यापेक्षा सोडणं अवघड जातं, म्हणून तिथे घाई नको आणि ‘मी सोडवते’ म्हणत सुनेने मध्ये पडायचं नाही. बोटं आवळून बसत असतील तर स्पंजचा चेंडू दाबायला देऊ नका. गिळताना ठसका लागत असेल तर शेंगदाण्यांऐवजी मोठी बटणं घ्या आणि शेजारी बसून राहा. सकाळ-संध्याकाळ, थकवा येईपर्यंतच. खांदा दुखला की थांबायचं. दंड धरून ओढायचं तर कधीच नाही.

रोज तेच ते केलं की माणूस कंटाळतो. भोईवाड्यातले एक काका शेंगदाण्यांवर चिडायचे; त्यांच्यापुढे पत्ते ठेवले तर तासभर उठेनात.

पुढची पायरी कटिंगचा ग्लास. आधी रिकामा, मग अर्धा पाण्याने भरलेला. गरम चहा सगळ्यात शेवटी.