मावळत्या सूर्याची हिरवी चमक टिपताना

मराठवाड्यातून कोकणात गेलेल्या माणसाच्या वाट्याला समुद्रावरचे सूर्यास्त दोन-तीनच येतात. म्हणून सूर्याची शेवटची कड बुडताना दिसणारी हिरवी चमक, म्हणजे ग्रीन फ्लॅश, टिपायची असेल तर हात घरीच बसवून निघावे. पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, पूर्वेकडील काठावर, मावळतीला पाणी समोर ठेवून, हा सराव उत्तम होतो.

क्षितिजालगतची हवा हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकवते. त्यामुळे सूर्याची लाल प्रतिमा आधी बुडते, हिरवी क्षणभर मागे राहते आणि निळा रंग बहुतेक हवेतच विखुरतो. ही हिरवी कड एरवी डोळ्यांना दिसणार नाही इतकी पातळ असते, मात्र पाण्यालगतच्या उबदार थरामुळे मृगजळ झाले की ती ताणली जाते आणि एक-दोन सेकंद उजळते. सूर्य क्षितिजाला टेकतानाही पिवळा आणि झगझगीत असेल तर आशा धरावी. धुरकट हवेत तो तांबडालाल, मंद झाला असेल तर चमक बहुधा दिसत नाही.

लेन्स किमान ४०० मिमीची असावी, कारण तिच्यातूनही सूर्याचे बिंब सेन्सरवर जेमतेम पावणेचार मिलिमीटरचे उमटते. ट्रायपॉड घट्ट रोवावा, दूरच्या क्षितिजावर मॅन्युअल फोकस करून तो तसाच ठेवावा, फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची माहिती प्रक्रिया न करता जपणारी, ठेवावी आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग, ‘डेलाइट’वर बांधून टाकावा, तो ऑटोवर राहिला तर कॅमेरा नेमका हवा असलेला रंगच बदलू शकतो. एक्स्पोजर बिंबावरून ठरवून थोडे कमीच ठेवावे, कारण कड पांढरी फटक पडली की हिरवा रंग मागाहून परत आणता येत नाही.

आरशाच्या कॅमेऱ्यातून (डीएसएलआर), ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावायच्या काचेच्या खिडकीला, डोळा लावून, सूर्य कधीही पाहू नये. डोळा कायमचा अधू होऊ शकतो. मागच्या पडद्यावरच पाहावे. नुसत्या डोळ्यांनीही आधीपासून टक लावू नये, कारण लाल प्रकाशाने थकलेल्या डोळ्याला पिवळी कडही हिरवी भासते.

बिंबाचा खालचा काठ पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. बारीक फाक उरली की बर्स्ट, म्हणजे सलग भराभर फोटो घेणे, सुरू करून बटण सोडू नये. फाकेची दोन्ही टोके आधी ओल्या हरभऱ्याच्या घाट्यासारखी हिरवी होतात, मग तो रंग मध्याकडे सरकतो. हिरव्या चमकेची फ्रेम बहुतेक वेळा अगदी शेवटच्या चार-पाचांत सापडते.