हेगेलवर करिअर करायचंय? आधी जर्मन शिका

कांट-हेगेल या जर्मन तत्त्वज्ञांवर पीएचडी करून प्राध्यापक व्हायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, बाकी सगळं नंतर, आधी जर्मन. आणि मोडकंतोडकं नाही हं. हेगेलचा 'आउफहेबेन' हा शब्द घ्या, त्याचा अर्थ रद्द करणं पण होतो, जपून ठेवणं पण आणि वर उचलणं पण, आणि या माणसाला तिन्ही अर्थ एकदम हवे असतात. भाषांतरात एकतर यातला एकच हाती लागतो, नाहीतर असा शब्द येतो जो जन्मात कोणी बोललेला नसतो.

कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' वाचताना ए आणि बी पानांची सवय लावून घ्या, ए म्हणजे 1781 ची पहिली आवृत्ती, बी म्हणजे 1787 ची दुसरी, हे नंबर चांगल्या भाषांतरात समासात छापलेले असतात. संदर्भ त्यानेच द्यायचा, नाहीतर तुम्ही तुमच्या पुस्तकाचं पान सांगत बसाल आणि सेमिनारमध्ये कोणालाच ते सापडणार नाही.

"हेगेल" हा काही पीएचडीचा विषय नाही. एक प्रश्न पकडा. त्याच्या 1807 च्या 'फेनॉमेनॉलॉजी' या पुस्तकातल्या मालक-दास प्रकरणावर आधीच इतकी गर्दी आहे की मी तरी तिकडे जाणार नाही, त्यापेक्षा कांट आणि हेगेलच्या मधला तत्त्वज्ञ फिश्टे बघा, तिथे अजून बरीच मोकळी जागा आहे.

नोकरीचं खरं सांगू का, नुसत्या जर्मन आयडियालिझमसाठी, म्हणजे कांटपासून हेगेलपर्यंतच्या या परंपरेसाठी, जागा क्वचितच निघते, म्हणून एथिक्स किंवा लॉजिक शिकवता येईल इतकी तयारी हवीच. जर्मनीत जायचं असेल तर तात्पुरत्या करारांवर पीएचडीआधी साधारण 6 आणि नंतर 6 वर्षं, एवढीच कायद्याने मुदत, आणि त्यात हॅबिलिटेशनचा, म्हणजे प्रोफेसरपदाच्या पात्रतेसाठीचा, दुसरा प्रबंध किंवा त्या तोडीचं काम उरकायचं. खुद्द हेगेल येनात पगाराशिवाय शिकवायचा, मग बांबेर्गला पेपरचा संपादक, मग न्युर्नबेर्गला शाळेचा मुख्याध्यापक, आणि हायडेलबेर्गला प्रोफेसर झाला तेव्हा वय 46!

अर्जासोबत लेखाचा नमुना मागतात तिथे बरेच जण आपटतात, कारण निवड समितीत हेगेल वाचलेला एखादाच असतो. पाठवण्याआधी पहिली दोन पानं लॉजिकवाल्या मित्राला द्या, तो जिथे जिथे "म्हणजे काय?" म्हणेल तिथे हेगेलची भाषा काढून आपली घाला.