शाळेतली पाळीची पेटी कशी ठेवाल

सातवीतली एक मुलगी डाग पडला म्हणून दप्तर मागे धरून घरी गेली, ती पुढे चार दिवस आलीच नाही. तेव्हापासून माझ्या वर्गात पत्र्याची पेटी असते: पॅड, धुतलेल्या दोन निकर, गडद परकर, साबण, जुनी वर्तमानपत्रं. किल्ली मुलींकडेच द्या. मागावं लागलं की त्या गप्प बसतात.

पण त्याआधी संडासाची आतली कडी आणि बादलीतलं पाणी बघा. ते नसेल तर पेटी काय कामाची?

पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचं. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्यांखाली लपवून नको गं पोरींनो, ओलसर राहिलं की खाज सुटते. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, संडासात नाही.