टेनिसवरून लेदर बॉलवर: मराठवाड्यातल्या वेगवान गोलंदाजानं काय करावं

जोरात चेंडू टाकणारं पोरगं मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला भेटतं. पण लेदर बॉल हातात आला की अनेकांची वर्ष-दोन वर्षांत पाठ धरते, ॲक्शन बिघडते आणि गडी पुन्हा टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांमध्येच दिसायला लागतो. हे टाळता येतं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. गंगापूर-वैजापूरकडून गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं कसोटीत ३११ बळी घेतले.

आधी चेंडूचं वजन समजून घ्या. साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळपास पावणेतीन पट ओझं खांदा, कोपर आणि कंबर एकदम उचलू शकत नाहीत. म्हणून बदल सहा-आठ आठवड्यांत करा. पहिले दोन आठवडे अर्ध्या रनअपनं, आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला २४ चेंडू. पुढं रनअप आणि चेंडू हळूहळू वाढवा. १३ वर्षांखालच्या लेकराच्या हातात मोठ्यांचा चेंडू देऊच नका, त्यांच्यासाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा वेगळा चेंडू मिळतो.

टेनिसमध्ये हात झटकून टाकलेला चेंडू खपून जातो, कारण बोलायला कुणी नसतं. लेदरच्या सामन्यात खांद्याच्या उंचीपासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं, तर ॲक्शन अवैध ठरते. पहिल्याच महिन्यात मोबाईलवर स्लो मोशन शूटिंग करून हे तपासा. हातात मुरलेली सवय नंतर सुटता सुटत नाही.

रनअप पावलांनी नाही, टेपनं मोजा. क्रीजकडे पाठ करून उभं राहा, सीमारेषेच्या दिशेनं आपल्या लयीत पळा आणि जिथं आपसूक उडी बसते तिथं चेंडू सोडा. तुमचा पुढचा पाय पडला ती जागा मित्रानं खुणेनं दाखवावी. असं आठ-दहा वेळा करा. ज्या जागी सगळ्यात जास्त खुणा पडतील, तिथून क्रीजपर्यंतचं अंतर तुमचा रनअप. ते फूट-इंचात वहीत लिहा आणि सामन्याला टेप सोबत न्या. रनअप आखूड पडला तर शेवटची पावलं दाटून येतात आणि नो-बॉल पडतो. लांब पडला तर क्रीज गाठायला शेवटचं पाऊल ताणावं लागतं आणि वेग मरतो. वारा समोरून असेल तर सुरुवातीची खूण फूट-दीड फूट पुढं घ्यावी लागते. नेटमध्येही एकाला अंपायर उभं करा. नेटमध्ये क्रीज ओलांडायची सवय लागलेला गोलंदाज सामन्यात ओलांडणारच.

आता ॲक्शन. पाठीचं सगळं भवितव्य इथं ठरतं. फोन अंपायरच्या मागं, छातीच्या उंचीवर ठेवा आणि सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेमवर शूट करा. दोनच चित्रं थांबवून बघायची: मागचा पाय टेकला तो क्षण आणि पुढचा पाय टेकला तो क्षण. दोन्ही खांदे जोडणारी रेघ डोळ्यांसमोर आणा. या दोन क्षणांमध्ये ती रेघ फलंदाजापासून उलटी, ३० अंशांपेक्षा जास्त फिरत असेल, तर ती मिक्स्ड ॲक्शन: कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. पुढचा पाय टेकताना त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो आणि तेव्हा पाठ पिळलेली आणि बाजूला झुकलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, बारीक चीर जाते ती इथंच. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीसारख्या गोलंदाजाचीही १९७३ मध्ये पाठ अशीच मोडली होती. तो ॲक्शन नव्यानं बांधून परतला, आणि पुढं चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये भारतीय पोरांना शिकवायला आला.

साइड-ऑन (खांदा फलंदाजाकडं) टाका किंवा फ्रंट-ऑन (छाती फलंदाजाकडं), पण कंबर आणि खांदे एका दिशेला हवेत. हा बदल पावसाळ्यात करा. जून ते सप्टेंबर काळ्या मातीची मैदानं तशीही चिखलात असतात आणि सामने नसतात. शाळेच्या हॉलमध्ये आधी उभ्यानं, मग चालत, मग तीन पावलांनी टाका. पूर्ण रनअप दिवाळीच्या आसपास. मोसमाच्या मध्यात ॲक्शनला हात लावला तर जुनीही जाते आणि नवीही बसत नाही.

सीमसाठी, म्हणजे चेंडू शिवणीवर पडावा म्हणून, पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, आणि चेंडू व तळहातात थोडी फट. फट नसेल तर मनगट अडकतं. टेनिसवाल्यांचं मनगट चेंडूच्या खाली घसरतं आणि शिवण गरगरते. जुन्या चेंडूचा अर्धा भाग पांढरा रंगवा आणि दहा पावलांवर उभ्या मित्राकडं टाका: पांढरा भाग एकाच बाजूला स्थिर दिसला की मनगट जागेवर आहे. उजव्या फलंदाजाला आउटस्विंग टाकताना शिवण पहिल्या स्लिपकडं, चकाकी लेग साइडला. चकाकी घामानं करा. आयसीसीनं २०२२ पासून लाळ लावणं कायमचं बंद केलंय.

टप्पाही बदलावा लागतो. टेनिसमध्ये यॉर्करवर भागतं. लेदरला फलंदाजाच्या स्टंपपासून सहा ते आठ मीटरवर, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर टप्पा हवा. तिथं दोन मीटर लांब पट्टा आखा आणि ३६ पैकी किती चेंडू पट्ट्यात पडले ते रोज लिहा.

आता सगळ्यात कळीची गोष्ट: चेंडू मोजणं. इंग्लंडच्या बोर्डानं लहान वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा घातल्या आहेत: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलला, म्हणजे सलग, ५ षटकं आणि दिवसाला १०, १४-१५ व्या वर्षी ६ आणि १२, पुढं १९ पर्यंत ७ आणि १८. त्या जशाच्या तशा पाळाव्यात. आपल्याकडं मोजणीत फसवणूक होते ती टेनिसमुळं. सहा-सहा षटकांचे सामने, दिवसाला तीन-चार, रात्री प्रकाशझोतात फायनल. सोमवारी पुन्हा नेट. वहीत सगळे चेंडू लिहा: सामन्याचे, नेटचे, टेनिसचेही. मागच्या चार आठवड्यांची सरासरी १०० असेल, तर या आठवड्यात दीडशेच्या वर जाऊ नका. अंगात ताकद असली तरी हाडाला अचानक वाढलेला भार पेलत नाही, आणि दुखणं दोन-तीन आठवड्यांनी वर येतं. तेव्हा त्या स्पर्धेची आठवणही राहिलेली नसते.

कमरेच्या एकाच बाजूला दुखतंय, एका पायावर उभं राहून मागं झुकल्यावर कळ येते, असं झालं की त्याच दिवशी गोलंदाजी बंद. सुरुवातीची चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. लवकर सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीनं भरते. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन फायनल खेळणारा पूर्ण मोसम गमावतो, कधीकधी करिअरही. संघमालकानं कितीही गळ घातली तरी आई-बापांनी इथं ठाम राहावं.

लोखंडी स्पाइक्स टर्फवरच (मातीच्या खेळपट्टीवर) वापरा. मॅटिंग (अंथरलेली चटई) आणि सिमेंटवर पाय घसरतो किंवा अडकतो, तिथं रबरी सोल हवा. पुढच्या पायाच्या बुटात अंगठा आपटून नख काळं पडत असेल तर अंगठ्यापाशी बुटाला छोटं भोक पाडा, मोठे गोलंदाजही तेच करतात. भेगाळलेल्या काळ्या रानात पळू नका, घोटा जातो. भरतीची पोरं पळतात तो ट्रॅक बरा. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेआठच्या आत संपवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि त्यात मीठ हवं: लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

आपले जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. जिल्हा संघटनेकडं नाव नोंदवा, तिथून निवड चाचणी आणि असोसिएशनचे सामने. १६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ ला कूचबिहार आणि विनू मांकड, २३ ला सी. के. नायडू, मग रणजी. जन्मतारीख खरीच द्या. मुलांची हाडांची चाचणी होते आणि वय लपवल्यास दोन वर्षांची बंदी येते. पैशाचं सांगायचं तर २०२१ मध्ये बीसीसीआयनं ठरवल्याप्रमाणे रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला ४० हजार, २३ वर्षांखाली २५ हजार. पण तिथवर पोचेपर्यंत घरचाच खर्च असतो, म्हणून पदवी सोडू नका.

चाचणीला आदल्या रात्रीच पोचा. रात्रभर एसटीत बसून थेट गोलंदाजी केली तर आखडलेली पाठ पहिल्याच षटकात दुखावते. निवडकर्त्यांसमोर बहुधा सहा ते बारा चेंडूच मिळतात, म्हणून नाव पुकारायच्या वीस मिनिटं आधी धावून, अंग मोकळं करून, सहा-आठ चेंडू बाजूला टाकून तयार राहा. टेपनं रनअप लावा. पहिले दोन चेंडू ऑफ स्टंपवर, नेहमीच्या टप्प्यावर. बाउन्सरचा मोह तिसऱ्या चेंडूपर्यंत आवरा.