फॅमिली टेंट घेताय? कास-बामणोलीकडं जाणाऱ्यांनी या चुका टाळा

दिवाळी झाली की साताऱ्यात टेंटची चौकशी सुरू होते. बामणोलीला नाहीतर तापोळ्याला कोयनेच्या बॅकवॉटरच्या काठावर एक रात्र काढायची, जमलं तर पुढच्या वेळी वाईकडचा एखादा किल्ला, असा साधारण बेत असतो आणि मग घरातले सगळे मोबाईलवर 'लाइटवेट फॅमिली टेंट' शोधत बसतात. समोर येतात ते सगळे फोटो एकसारखे, हिरवंगार लॉन, मागं बर्फाचा डोंगर आणि टेंटमधी हसणारी चार माणसं. आपल्याकडं मात्र खाली कातळ असतो, पठारावर वारा असतो आणि थंडीत धरणाच्या काठाला रात्रभर दव पडतं, त्यामुळं टेंट निवडताना या तिन्हीचा विचार आधी आणि रंग, खिसे, एलईडी लाइट लावायचा हुक वगैरेचा विचार नंतर.

टेंट डिकीतून जाणार का पाठीवरून, हेच ठरलेलं नसतं

पैसे सगळ्यात जास्त इथं वाया जातात. बामणोली, तापोळा, मुनावळे, धोमचा काठ, इथं गाडी टेंटच्या जागेच्या बऱ्यापैकी जवळ जाते. डिकीतून काढायचा आणि शे-दीडशे पावलं न्यायचा असेल तर ५-६ किलोचा फायबरग्लासच्या काठ्यांचा साधा डोम (घुमटासारखा) टेंट झकास चालतो, त्यासाठी अडीच-तीन किलोचा ॲल्युमिनियमवाला घेऊन तिप्पट-चौपट पैसे घालवायचं काहीच कारण नाही. वाचलेल्या पैशात चांगल्या मॅट घ्या, पोरं रात्री कुरकुरणार नाहीत.

पण कमळगड, वैराटगड असलं काही डोक्यात असेल तर गणित उलटं होतं. आठ-दहा वर्षांचं पोरगं स्वतःची पाण्याची बाटली आणि जर्किन नेईल, बाकी सगळं आईबापाच्या पाठीवर. उन्हाळा जवळ आला की गडावरच्या टाक्यांच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं म्हटलं तर चौघांचं पाणीच १२ किलो झालं. वर ६ किलोचा टेंट म्हणजे दुसऱ्या टेपाडावरच भांडण. इथं मात्र ३ किलोच्या आसपासचा टेंट घ्यावा आणि तो फोडून न्यावा, म्हणजे काठ्या-खुंट्या एकाकडं, आतला टेंट दुसऱ्याकडं, वरचा फ्लाय (दव-पाऊस अडवणारं बाहेरचं कापड) तिसऱ्याकडं. एकानंच पूर्ण टेंट उचलायचा असा काही नियम नाही.

आणि वजन वाचताना नीट वाचा. बऱ्याच कंपन्या दोन वजनं देतात, एक नुसता टेंट, फ्लाय आणि काठ्यांचं, दुसरं खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरून सगळ्याचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठलं असतं ते सांगायला नको. तुमच्या पाठीवर दुसरं येणार आहे.

'४ माणसांचा' हा आकडा

हा आकडा म्हणजे चार मॅट एकमेकांना चिकटून मावतात एवढंच. साधी मॅट ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे चारसाठी २ ते २.४ मीटर आणि झालं, बॅगा, बूट, कुशी बदलणं हे त्यात धरलेलं नाही. वडापमधल्या 'सरका थोडं, अजून एक बसतंय' सारखा हा हिशेब आहे, बसतंय खरं पण कसं ते बसणाऱ्याला विचारा. गाडीनं जाणाऱ्या चौघांनी सरळ ५-६ माणसांचा घ्यावा. चालत जाणाऱ्यांनी ४ चाच घ्यावा पण फ्लायच्या खाली दाराबाहेर बॅगा ठेवायला जागा आहे का ते बघावं, आणि दारं दोन पाहिजेत म्हणजे रात्री कुणाला उठायचं झालं की बाकी तिघांना तुडवत जायला नको.

लांबीकडं कुणी बघतच नाही. २१० सेंटिमीटर लांबी कागदावर भरपूर वाटते पण डोमच्या भिंती तिरक्या असतात, पावणेसहा फुटी माणूस आडवा झाला की डोकं एका कापडाला आणि पाय दुसऱ्या कापडाला, आणि सकाळी झोपायची पिशवी दोन्ही टोकांना ओली. दुकानात टेंट लावून दाखवत असतील तर आत जाऊन आडवं पडा, लाजायचं काय त्यात. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांनाही शिरून बघू द्या, दाराची उंची त्यांच्या गुडघ्यांना झेपते का ते तिथंच कळतं.

माझं मत विचाराल तर चालत जाणाऱ्या कुटुंबानं एका मोठ्या टेंटऐवजी दोन माणसांचे दोन टेंट घ्यावेत. वजन थोडंसंच वाढतं पण गडावर सपाट जागा तुकड्या-तुकड्यात मिळते, तिथं मोठा टेंट बसतच नाही, छोटे दोन बसतात. शिवाय एकाची काठी मोडली तर दुसरा असतो. पोरं अगदी लहान असतील तर मात्र एकच बरा.

खुंटी जाणारच नाही, हे धरून चाला

पश्चिम साताऱ्याच्या पठारांवर वरचा थर जांभ्याचा आहे, कासचं सगळं पठार त्याचंच, आणि मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. (कासच्या पठारावर टेंट लावायला परवानगी नाही, तो विषयच काढू नका, पण आजूबाजूच्या बऱ्याच माळांवर खाली असाच दगड लागतो.) हलक्या टेंटमधले सगळ्यात हलके जे असतात ते ट्रेकिंगच्या काठीवर उभे राहणारे किंवा बोगद्यासारखे, आणि ते खुंट्यांच्या जोरावरच उभे असतात. खुंटी नाही तर टेंट नाही. म्हणून आपल्याकडं आपल्या काठ्यांवर स्वतः उभा राहणारा डोमच बरा, वजन थोडं जास्त गेलं तरी.

तरी दोऱ्या बांधायला लागतातच. त्यासाठी युक्ती अशी, दोरीचा फास छोट्या लांबट दगडाला घालायचा, तो जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या पुढं, टेंटच्या बाजूला, मोठा जड दगड ठेवायचा. ओढ बसली की छोटा दगड मोठ्यावर अडतो. थेट मोठ्या दगडाला दोरी गुंडाळली तर धारेवर घासून रात्रीत तुटते. यासाठी २-३ मिलिमीटरची जास्तीची दोरी बॅगेत टाका, टेंटबरोबर येणारी पुरत नाही.

शिवसागरच्या, म्हणजे कोयनेच्या बॅकवॉटरच्या काठाला नेमकं उलटं. पाणी उतरलं की जो गाळाचा पट्टा उघडा पडतो तो वरून कडक दिसतो पण खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच निघते. तिथं पिशवीत माती-दगड भरून दोरी बांधून पुरा, किंवा सरळ थोडं वर चढून गवताच्या जमिनीवर लावा. पाण्याला चिकटून टेंट लावल्यानं फोटो भारी येतो, झोप नाही.

वारा

चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पठारावर संध्याकाळी शांत वाटतं आणि मध्यरात्री सुटतं. उभ्या भिंतींचा, आत उभं राहता येतं असा उंच केबिन टेंट तिथं नकोच, तो काठावरच्या झाडीत चालेल. बुटका टेंट, अरुंद बाजू वाऱ्याकडं, दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि सगळ्या दोऱ्या झोपायच्या आधीच ताणलेल्या. बरेच लोक या दोऱ्या पिशवीतून काढतच नाहीत, नवीन कोऱ्या गुंडाळलेल्या वर्षानुवर्षं तशाच.

फेकला की उघडणारे पॉप-अप टेंट आहेत ते लावायला सोपे आहेत, नाकारत नाही, पण मिटल्यावर त्याची मोठी गोल चकती होते जी ना मोटरसायकलला नीट बांधता येते ना पाठीवर, आणि एसटीत घेऊन चढलात तर कंडक्टर काय बोलेल ते तुम्हीच ऐका. गाडीवाल्यांसाठी ठीक.

'टेंट गळतोय' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा टेंट गळत नसतो

डिसेंबर-जानेवारीत बामणोलीला रात्र काढली आणि सकाळी आतून थेंब पडायला लागले की लोक दुकानदाराला शिव्या घालतात. पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून? चार माणसांचा रात्रभरचा श्वास, ओले टॉवेल, शेजारी एवढं मोठं पाणी आणि वरून गार पडलेलं कापड, वाफ त्या कापडावर बसते आणि थेंब होतात. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या बाजूला काही थंडीत पहाटे दव गोठतं, तेवढं गार असल्यावर हे होणारच. ओळखायचं कसं, तर फ्लाय आतल्या बाजूनं सगळीकडं सारखाच ओला असेल तर ती वाफ. शिवणीच्या रेषेवरच किंवा एकाच कोपऱ्यात पाणी असेल तर ती गळती.

यावर इलाज म्हणजे हवा खेळती ठेवणं. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या, वरच्या झडपा बंद करणं हीच चूक, झडप उघडी ठेवा आणि अंगावर एक पांघरूण जास्त घ्या. फ्लाय ताणून लावा, तो आतल्या जाळीला चिकटला की पाणी थेट आत. आणि घेतानाच दुहेरी टेंट घ्या, आत जाळी वर फ्लाय असा. एकेरी कापडाचा टेंट वजनाला हलका असतो हे खरं पण चार माणसं आणि धरणाचा काठ म्हणजे आत पावसाळाच. चार ऋतूंचा म्हणून विकतात तो बर्फाचा टेंट तर बिलकुल घेऊ नका, त्यात जाळी कमी, वजन जास्त, आणि आपल्या मार्चमधी आत उकडून निघाल.

खरी गळती असेल तर शिवण बघा. फ्लायवर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले असतात, म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं. फ्लायला १५००-२००० बास, खालच्या कापडाला ३००० असावं कारण गुडघा टेकला की दाब तिथंच पडतो. पण हा आकडा कापडाचा आहे, शिवणीचा नाही. शिवणीवर आतून टेप मारलेली पाहिजे. टेप सुटली असेल तर शिवणीला लावायचा सीलर मिळतो, फक्त कापडावर सिलिकॉनचा थर असेल तर सिलिकॉनवालाच घ्यायचा, दुसरा चिकटत नाही. आणि जुलै-ऑगस्टमधी महाबळेश्वर पट्ट्यात लहान पोरं घेऊन टेंटमधी राहायचं असेल तर कुठलाच आकडा सांगत नाही, लॉज बघा.

खाली ताडपत्री टाकताना ती टेंटच्या बाहेर वीतभर दिसली पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. बाहेर राहिलेल्या भागावर पडलेलं पाणी वाहत टेंटच्या खाली येतं, ती टेंटपेक्षा चार बोटं आतच दुमडा.

जागेवर बिघडलं तर

चेन लागत नाही म्हणून ओढाओढ करू नका. बहुतेक वेळा टेंट वाकडा ताणलेला असतो, कोपरे थोडे सैल केले की लागते. तरी दात मागं उघडतच असतील तर स्लायडर झिजलाय, पकडीनं दोन्ही कडा हळूच, अगदी हळूच दाबा.

फायबरग्लासची काठी उभी चिरते आणि त्याच्या कुसा हातात जातात, फडकं धरूनच हात लावा. बऱ्याच टेंटबरोबर छोटी धातूची नळी आलेली असते, ती मोडलेल्या जागेवर सरकवून दोन्हीकडून चिकटपट्टी. नळी हरवली असेल (असतेच) तर दोन खुंट्या आधाराला बांधा. ॲल्युमिनियमची वाकली तर जागेवर पूर्ण सरळ करायला जाऊ नका, तिथंच तुटते. काठ्या मिटताना मधून सुरुवात करायची, एका टोकाकडून मिटत गेलं की आतलं इलॅस्टिक शेवटी जास्त ताणलं जातं.

रात्री फ्लाय ढिला पडला तर घाबरू नका, नायलॉन भिजलं की सैल होतं, उठून दोऱ्या परत ताणायच्या. पॉलिस्टर एवढं सैल पडत नाही.

बाकी थोडक्यात. कोळशाची शेगडी किंवा गॅस टेंटच्या आत किंवा दारातसुद्धा नको, विझत आलेले निखारेसुद्धा नकोत, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो, यावर चर्चा नाही. चेन सूर्यास्तापासून बंद, बूट आत किंवा उलटे करून पिशवीत, आपल्या भागात फुरसं आहे, विंचू आहे. ओढ्याच्या कोरड्या पात्रात टेंट नाही. वासोट्यावर मुक्काम करता येत नाही, वनखात्याची परवानगी घेऊन जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. बाकी किल्ल्यांवर आणि गावच्या जमिनीवरही आधी विचारूनच.

नवीन टेंट पहिल्यांदा गच्चीवर लावा, खुंट्यांच्या जागी पाण्याचे कॅन ठेवून, आणि पाइपनं पाणी मारून बघा, काही निघालं तर बदलून घ्यायची मुदत अजून बाकी असते. परत आल्यावर ओला टेंट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलात तर आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर सडतो, कापड चिकट होतं आणि वास मारतं, आणि एकदा तसं झालं की काही करता येत नाही. वॉशिंग मशीनमधी घालू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत दोरीवर टाका, भर उन्हात रोज ठेवलं की कापड कुजतं. पूर्ण वाळल्यावर सैल पिशवीत, जुन्या उशीच्या अभ्र्यातसुद्धा चालेल, कंपनीची घट्ट पिशवी फक्त प्रवासापुरती.