चोर्ल्याच्या चढावर धूसर होणारा गॉगल

गेल्या पावसाळ्यात गोव्यातील साखळी गावाहून केरीमार्गे चोर्ला घाट सायकलने चढताना माझ्या मोटोक्रॉस (मातीच्या वाटांवरील मोटारसायकल शर्यतींत वापरतात त्या) गॉगलची काच आतून इतकी धूसर होई, की दर वळणावर थांबून ती टीशर्टच्या टोकाने पुसावी लागे. आणि नेमके हे पुसणेच दुखण्याचे मूळ होते, हे मला फार उशिरा उमगले. ही काच पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकची असते आणि तिच्या आतील बाजूस बाष्प न धरणारा जो पातळ थर दिलेला असतो, तो ओला असताना घासला की निघून जातो. शिवाय चौकटीच्या झरोक्यांवरील स्पंजात तांबडी माती आणि घामाचे मीठ असे घट्ट बसले होते, की हवा खेळायला वावच उरला नव्हता. (मी मात्र गोव्याच्या दमट हवेलाच बोल लावत होतो.) कोमट पाण्यात सौम्य साबण घालून स्पंज बोटांनी हलकेच दाबत धुतला, तेव्हा पाणी अक्षरशः चहासारखे निघाले, मग गॉगल रात्रभर पंख्याखाली वाळवला. काच बदलावीच लागली. आता थांबताना गॉगल घामेजल्या कपाळावर न चढवता गळ्यात सोडतो, आणि आत थेंब आलेच तर ते झटकतो, पुसत नाही.